जाळीबाबाचा ओढा आणि वहिनींची पिशवी

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या बायकोचा अजून बसलेला नाही, आणि ती शेजारी उभी राहून सगळं बघत होती.

ओढ्यावर ही गर्दी! मासेसुद्धा "जरा सरका हो" म्हणत वाट काढत होते. पुलाखाली बसलेला जाळीबाबा. त्याचं म्हणणं, झाडाचं पान म्हणजे आपलं दुखणं. ते पिशवीत घालून पाण्यात बांधायचं. ओढ्याने दुखणं खाल्लं की पानाची नुसती जाळी उरते. आणि खरंच उरायची हो! गर गायब, शिरांची नक्षी तेवढी शिल्लक. लोक ती डोळ्यांना लावत आणि बाबाची थाळी भरत.

पिशव्या शिवायच्या माझ्या वहिनी. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोकांसाठी त्या कांद्याच्या पोत्याची जाळी कापत. त्यांचं स्वतःचं दुखणं मधुमेहाचं, म्हणून स्वतःची पिशवी मात्र भक्तिभावाने दुहेरी मलमलीची शिवली. झालं! सगळ्यांच्या पानांची जाळी झाली, वहिनींचं पान जसंच्या तसं.

बाबाने डोळे मिटून निदान केलं, "साखरेच्या गोळ्या घेतेस ना? म्हणजे ओढ्यावर तुझा भरवसा नाही." वहिनींनी गोळ्या सोडल्या. साखर चढली, नजर धूसर झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांना सुईत दोरा ओवता येईना.

मी डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो. त्यांनी वाद घातला नाही. वरच्या वळणावर, बाबाच्या नजरेआड, जाळीची एक पिशवी गुपचूप बांधली. तिच्यातल्या पानाचीही जाळी झाली, आशीर्वादाशिवाय. मग पुलाखालचा फेस त्यांनी दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वहिनींना डोळा लावायला सांगितलं. चार हातांच्या चांदण्या, बारीक कोयते! हे बुरशीचे बीजाणू, त्या म्हणाल्या. पाण्यात पडलेल्या पानावर ते रुजतात, बुरशी पान मऊ करते, मग किडे ताव मारतात आणि किड्यांवर मासे. बुरशी नसती तर ओढा पाचोळ्याने तुंबला असता आणि मासे उपाशी राहिले असते.

मलमलीतलं पान त्यांनी चिमटीत धरलं. लोण्यासारखं मऊ. बुरशीने आपलं काम केलं होतं, किड्यांना मात्र आत शिरताच आलं नव्हतं.

"तुमची भक्ती कमी नाही पडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची वीण बारीक पडली."

बाबाला कळवलं तर म्हणतो, त्या बुरशीत मीच आहे! पण लोक हसले तसा त्याने गाशा गुंडाळला. पळता पळता ओढ्यात पडला, बुरशीने दाढी खाल्ली, हनुवटीवर नुसती जाळी उरली. आणि वहिनींनी तिथल्या तिथे हसत हसत गोळी घेतली.

"खोटं," आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबवून वहिनी म्हणाल्या. "दाढीचं चालू द्या, भाऊजी. पण गोळी मी हसत घेतली नाही. सगळं बघूनही हट्टाला पेटले होते. तुम्ही पाण्याचा पेला धरून लहान पोरासारखे रडत होतात, म्हणून घेतली. आणि ह्या मंडळींना नीट सांगा. पान खाल्लं बुरशीनं आणि किड्यांनी, माझी साखर उतरली गोळीनं. कुणाला शंका असेल तर पिशवी बांधून बघा. गोळी सोडून बघू नका."