व्यंकटरावांचा हात

"इंजन बंद करू नका मामा!" निकिता ओरडली. "साडेसहाशे लिटर दूध हाय, नासंल!"

"आन् चालू ठेवलं तर इंजनच जाईल, मग काय करतीस?" व्यंकटराव तितकेच कडाडले.

वालूरच्या बायकांच्या डेअरीला सकाळपासून हा घोर लागला होता. रात्रीच्या वादळानं लाइट गेलेली, दुधाची थंड टाकी जनरेटरच्या डिझेल इंजिनावर चाललेली. इंजिनाचा रेडिएटर केव्हाच कामातून गेला होता. व्यंकटराव पंपांचे मिस्त्री. त्यांनी अक्कल लढवून इंजिनाचं गरम पाणी रबरी नळीनं पिंपातल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवून परत आणलं होतं. इंजिन थंड राही, पिंपातलं पाणी कढत होई आणि त्यात कॅन धुतले जात. एक पंथ दो काज! आज मात्र इंजिनाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता आणि पिंपातलं पाणी थंडगार. टँकर तासाभरात येणार. मागच्याच महिन्यात दूध परत गेलं होतं. पुन्हा गेलं तर डेअरी बंद, असं वरून बजावलेलं.

व्यंकटरावांनी नळीवर हात धरला. चाळीस वर्षं त्यांनी असाच रोग ओळखला होता, मीटर-बिटर बाकीच्यांना. बोटं पुढं सरकत गेली. सगळीकडं सारखंच.

"इंजनातला पाण्याचा पंप गेलाय," ते म्हणाले. "पाणी फिरंना. खोलावा लागंल. दोन तास."

डेअरीच्या अध्यक्ष कडूबाई मटकन खालीच बसल्या. "दोन तासात समदं दही होईल की वो!"

निकिता दूध मोजणारी पोरगी, पण भारी चौकस. न राहवून तिनं नळीला बोट लावलं आणि किंचाळली. "आई गं! मामा, हे तर पोळायलंय! तुमी आत्ता इथंच हात धरला होता न्हवं?"

सगळ्या त्यांच्या पंजाकडं बघू लागल्या. तळवा लालबुंद झाला होता आणि या गड्याला पत्ताच नव्हता.

शुगरनं पाय बधिर केले ते गावाला ठाऊक होतं. हातांचं त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. हात गेलेल्या मिस्त्रीला कोण बोलावणार? पंप गेला म्हणून रेटून न्यावं, असं क्षणभर वाटलं. पचलंही असतं. पण काटा वर चालला होता आणि बायका आशेनं त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मला कळंना झालंय, पोरी," ते म्हणाले. "लय दिवस झाले. तूच बघ. बोट टेकव आन् उचल. गार कुठून लागतंय ते सांग."

"गरम... गरम... इथं बी गरम..." भिंतीवरच्या खुंटीपाशी निकिता थांबली. "हिच्या पुढं गार हाय, मामा."

व्यंकटरावांनी वर पाहिलं. सगळी भिस्त हातावर. डोळ्यांनी बघायचं राहूनच गेलं होतं. "ही नळी खुंटीवर कुणी टांगली?"

"म्या," कडूबाई म्हणाल्या. "काल खंडेनवमीला इंजनाची पूजा केली. नळी सोडून धुतली, हळदकुंकू वाहिलं. मग पायदळी कशी येऊ द्यायची? येणारं-जाणारं ओलांडतंय."

"अवो बाई, हवा वर जाऊन बसती! देव वर गेला आन् पाणी अडकलं!"

त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, खुंटीजवळच्या जोडाची क्लिप पेचकसानं सैल केली. फुस्स करून हवा सुटली, मागून गरम पाण्याची चिळकांडी. क्लिप आवळून त्यांनी नळी खाली जमिनीवर घेतली. काटा जरा थरथरला, मग हळूहळू उतरू लागला. थोड्या वेळानं पिंपातून वाफ निघाली तेव्हा कुठं बायकांच्या जिवात जीव आला.

"तुमच्या हाताला गुण हाय बघा, व्यंकटभाऊ!" कडूबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

दूध घेऊन टँकर गेला. व्यंकटराव ग्रीसनं माखलेले हात धुवायला पिंपाकडं निघाले, तशी निकिता आडवी आली. तिनं बादलीत कढत पाणी घेतलं, गार ओतलं, तान्ह्या लेकराच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून पाहिलं. आणखी थोडं गार ओतलं.

"आता घाला, मामा."

व्यंकटराव उकिडवे बसले. त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले.

"कसंय गं?" त्यांनी विचारलं.

"कोमट हाय," निकिता म्हणाली.