कासदीची सीट

गुडघा हातात आला की तो कशाने दुखावलाय ते मी सांगते. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या बायकांचा सांधा आतल्या अंगाने झिजतो. पाय रोवून गर्रकन वळणाऱ्या फुटबॉलवाल्या पोरांचा मध्येच अडकतो. माझ्या धाकट्या जावेला तर मी तोंडावर सांगते, आधी वजन उतरव. तीस वर्षं मालिश करतेय, उगाच नाही.

सायकलरिक्षावाला कासदी आला तेव्हा त्याच्या पाठीवर नाण्याने खरवडल्याचे लाल पट्टे होते. काहीही दुखलं की अंगात वारा शिरला म्हणायचं आणि पाठ खरवडायची, आमच्या जावा बेटावर अर्धे लोक तेच करतात.

"दुखतोय गुडघा आणि सोलतोस पाठ?" मी म्हटलं.

"हसू नकोस, यू." आमच्यात ताईला यू म्हणतात, दादाला कांग. "पाय गेला तर रिक्षा विकावी लागेल. दुसरं काय येतं मला?"

मी वाटीच्या खाली अंगठा दाबला. तो कळवळला.

"वारा नाही, कांग. रिक्षा दाखव."

चालवणाऱ्याची मागची सीट पार खाली दांड्याला टेकलेली. पेडल वर आलं की गुडघा पोटाला लागत होता. एवढा दुमडलेला पाय दिवसभर जोर लावणार, मग वाटी ओरडणार नाही तर काय?

"ही खाली कुणी केली?"

"मीच." तो जमिनीकडे बघू लागला. "एयांग मुर्तिनिंग आजींना रोज नेतो ना. हल्ली त्यांना वारं हवं असतं, टप पाडायला सांगतात. त्या पुढच्या बाकावर, मी मागे उंच. माझं डोकं त्यांच्या डोक्याच्या वर येतं गं. थोरांपेक्षा डोकं वर ठेवणं म्हणजे बेअदबीच."

"चार बोटं वर घे."

"पाय मोडला तरी नाही जमायचं."

मला रागही आला आणि त्याची मायाही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर एयांगच्या दारात उभी राहिले. ऐंशीच्या आजी, जन्मभर राजवाड्यात नाच शिकवलेल्या. मी हात जोडून सगळं सांगून टाकलं. कासदी शरमेने अर्धा झाला.

एयांगनी कमरेची लुंगी वर सरकवली. दोन्ही गुडघे सुजून वाकडे झाले होते.

"राजापुढे डोकं वर दिसू नये म्हणून चाळीस वर्षं उकिडवी चालले," त्या म्हणाल्या. "मला कुणी थांबवलं नाही. कासदी, पाना काढ."

त्याने सीट चार बोटं वर घेतली. एयांग पुढे बसल्या, तो मागे चढला, आणि सवयीने खांदे पाडून पार वाकून बसला.

एयांगनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"मान पण वर," त्या म्हणाल्या.