बिनसाखरेची कॉफी

सकाळी बैठक संपल्यावर गृहखात्याच्या रेशातनं सोतिरला खिडकीपाशी बाजूला घेतलं आणि हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलं, "वांजेल गेला. तुरुंगातच. हृदय बंद पडलं म्हणतात."

वांजेल सोतिरचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी पक्षाचा शत्रू ठरला, तेव्हा भरसभेत सोतिरनंच त्याच्याविरुद्ध हात वर केला होता. म्हणून तर तो आजही व्यापारमंत्री होता.

"कळवलंस, बरं केलंस, कॉम्रेड," सोतिर म्हणाला. रेशात त्याच्या चेहऱ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

दुपारी घरी येऊन सोतिरनं आईला सांगितलं. आई रडली नाही. तिनं डोक्याला काळा रुमाल बांधला, बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि पुढचं दार सताड उघडलं.

"आई, हे काय चाललंय?"

"माणसं येतील भेटायला."

"इथं कोण येणार? कोपऱ्यावर पहारेकरी उभा आहे, दिसत नाही?"

"त्यालाही कॉफी देईन. दिवसभर उभा असतो बिचारा."

राजधानी तिरानातल्या त्या बंदिस्त वस्तीत फक्त पक्षाचे वरचे लोक राहत. तिथल्या एका घरात शत्रूचा शोक पाळला गेला, एवढं कळायचा अवकाश. सोतिरच्या मुलीचं, झानाचं, वैद्यकीय शिक्षण त्या दिवशी संपलं असतं आणि सगळं घर हद्दपार होऊन पाणथळ भागातल्या त्या गावी जाऊन पडलं असतं, जिथं वांजेलची बायको पोलिक्सेनी कापूस वेचत होती. सोतिरनं दार लावलं. आईनं उघडलं. त्यानं पुन्हा लावलं, तिनं पुन्हा उघडलं. झाना कॉलेजातून यायच्या आत काहीतरी करायला हवं, असं तो मनाशी म्हणत होता, तेवढ्यात रेशात आत आला.

"दार उघडं दिसलं, म्हटलं डोकवावं."

रेशात याआधी या घरात कधीच आला नव्हता.

आई आत गेली आणि कॉफीचे दोन पेले घेऊन आली. मयताच्या घरी कॉफीत साखर घालत नाहीत. आलेला माणूस ती तशीच कडू पितो, मागं राहिलेल्यांना आयुष्य चिंततो आणि उठतो. हे रेशातला माहीत होतं. त्याची आई गेली तेव्हा सोतिरनं त्याच्या घरी तशीच कॉफी प्यायली होती.

रेशातनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"मावशी, व्यापारमंत्र्याच्या घरात साखरेचा तुटवडा? मग आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" तो मोठ्यानं हसला.

 एप्रनला हात पुसत आई सोतिरकडे बघत राहिली. माझा भाऊ गेलाय, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. रेशातही वाट बघत होता.

सोतिर उठला. आतून साखरेचा डबा आणला. रेशातच्या पेल्यात दोन चमचे घातले, स्वतःच्या पेल्यात दोन घातले, ढवळलं.

"वय झालं तिचं. विसरते अलीकडं."

"चालायचंच." रेशातनं गाळापर्यंत कॉफी संपवली. "आता कशी कॉफीसारखी लागतेय! बरं, झानाला सांग, अभ्यास चांगला कर म्हणावं."

तो गेल्यावर आईनं स्वतःच दार लावून घेतलं.

"मला पोलिक्सेनीकडे पोचव."

"तिकडून परत येता येत नाही, आई. आणि मला तर तिथं येताही येणार नाही."

"तू कशाला येशील? तुझं कोण गेलंय?"

ती खोलीत जाऊन कपाटातले कपडे गाठोड्यात बांधू लागली. तिला अडवायचं म्हणून सोतिर मागोमाग गेला, पण उंबऱ्यातच थांबला. उद्या वर काय सांगायचं, हे त्याच्या डोक्यात आपोआप जुळत होतं. म्हातारीला भ्रम झालाय. कुणाचं ऐकत नाही, उठली नि सुनेकडे निघून गेली. कॉम्रेड रेशातनं स्वतः पाहिलंय, कॉफीत साखर घालायचंसुद्धा तिच्या लक्षात राहत नाही. हे पटण्यासारखं होतं. झानाचं शिक्षण वाचत होतं. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलेलं त्याला कळलंही.

"नुसता उभा काय राहिलायस?" आई म्हणाली. तिनं गाठोड्याला दोरी गुंडाळली होती. "इथं गाठीवर बोट ठेव."

त्यानं बोट ठेवलं. तिनं गाठ आवळली.