होल नंबर सातचा पिवळा रंग

"वाजत का नाही हे?" आत्माराम खानोलकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सिद्धार्थ गोदामाच्या फरशीवर उकिडवा बसला होता. त्याच्या हातातलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र दगडाच्या कांडीवरून इकडून तिकडे फिरत होतं आणि मधूनच एखादं 'टिक' करत होतं. तेवढं ते रिकाम्या भिंतीसमोर धरलं तरी करायचं.

"सर, वाजण्यासारखं इथे काही नाहीये. लॅबचा रिपोर्टपण निल आलाय."

"मग हे काय आहे?" खानोलकरांनी हातातलं चकचकीत ब्रोशर उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. पानभर फोटो होता. करड्या दगडावर पिवळेजर्द पट्टे. "होल नंबर सात. युरेनियमचं एक मिनरल पिवळं असतं, हे तूच मला शिकवलंस ना? मंगळवारी पार्टी येतेय, पार्टनर व्हायला. त्यांना काय सांगू? पिवळं आहे, पण वाजत नाही?"

"मी नायजरला गेलो तेव्हा हे पिवळं इथे नव्हतं, सर."

"म्हणजे दगड शारजात येऊन पिकला?"

सिद्धार्थने यंत्र बंद केलं. नागपूरकडचा पोरगेलासा भूगर्भतज्ज्ञ, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. खानोलकर तसे दुष्ट नव्हते, पण घाबरले की त्यांचा आवाज चढायचा. "तू ट्रे मिक्स केलेस. लॅबला भलत्याच होलचं सॅम्पल पाठवलंस. मंगळवारपर्यंत लिहून दे मला तसं, बाकी मी निस्तरतो."

दोघांच्या मागे बाबाजी धुरी हातमोजे घालून उभा होता. त्याने ब्रोशरकडे बघायचं टाळलं. कारण त्या पिवळ्या रंगाबद्दल अख्ख्या शारजात फक्त त्याला एकट्यालाच काहीतरी ठाऊक होतं, आणि ते सांगावं की गिळावं, हेच त्याला कळत नव्हतं.

हा बाबाजी कुडाळजवळचा. अकरा वर्षांपूर्वी शारजाच्या औद्योगिक भागात आला तो खानोलकरांच्या संगमरवराच्या गोदामात दगड कापायला. संगमरवराचा धंदा बरा चालला होता हो. पण गेल्या वर्षी खानोलकरांच्या डोक्यात युरेनियम शिरलं. भाव वर जाणार, मोठ्या कंपन्या झोपल्यात, आपण आधी पोहोचायचं. नायजरच्या वाळवंटात त्यांनी खनिज शोधायला जमिनीचे दोन ब्लॉक घेतले. तिथे जमिनीत भोकं पाडायची, मनगटाएवढ्या जाडीची दगडाची लांब कांडी वर काढायची, ट्रेमध्ये ओळीने मांडून शारजाला आणायची. ती कांडी म्हणजे कोअर. बाबाजीने ती करवतीने उभी चिरायची; अर्धी लॅबला, अर्धी ट्रेमध्ये कायमची. ट्रे सांभाळायला विश्वासू माणूस हवा होता आणि बाबाजीएवढा विश्वासू माणूस खानोलकरांना दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.

सिद्धार्थने पहिल्याच दिवशी त्याला नियम घालून दिला होता: कोअर धुवायची नाही, पुसायची नाही, इकडची तिकडे करायची नाही. बाबाजीने तो नियम देवाच्या नावासारखा पाठ केला.

आणि बक्षीस काय? स्टोअर सुपरवायझर! हुद्दा नुसता कागदावरचा नव्हे बरं का. मजुराच्या हुद्द्यावर बायकापोरांना आणता येत नाही, सुपरवायझरच्या येतं. लेक शर्वाणी दहा वर्षांची झाली, त्यातले सगळे मिळून अकरा महिने बाबाजीने तिला पाहिलं होतं. तिचा आवाज त्याला फोनवर चटकन ओळखू यायचा, पण ती किती उंच झालीय हे कोणी विचारलं तर तो हात हवेत अंदाजाने धरायचा. नवी पोस्ट, डिसेंबरमध्ये फॅमिली व्हिसा. खानोलकरांनी कागद टाइपसुद्धा करून ठेवले होते. फक्त मंगळवारी पार्टीसमोर बाबाजीने एका फॉर्मवर सही करायची: ट्रे आल्यापासून माझ्या ताब्यात आहेत, त्यांत बाहेरचं काही मिसळलेलं नाही.

बाहेरचं काही!

आता ऐका काय झालं होतं. महिन्याभरापूर्वी खंडेनवमी आली. गावाकडे सुताराच्या पटाशीपासून ड्रायव्हरच्या स्टिअरिंगपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग नव्या गोदामाने काय घोडं मारलंय? बाबाजीने करवतीला हार घातला, टिकटिक करणाऱ्या यंत्राला टिळा लावला. मग ट्रे. ज्या दगडामुळे बायकामुलगी येणार, त्याला हळदकुंकू नको? होल नंबर एकपासून प्रत्येकाला लावत गेला. सहाव्याला कुंकू संपलं. सातव्याला मग त्याने हळदच सढळ हाताने लावली, आणि करवतीच्या पाण्याने कांडी ओली होती म्हणून ती छान पसरली. दुसऱ्या दिवशी फुलं-अक्षता त्याने वेचून टाकल्या. पहिल्या सहांना हळदकुंकू लावलं होतं ते ट्रेच्या कडेवर, ते पुसलं. सातव्याची हळद मात्र दगडावरच होती.

आणि कोअर पुसायची नाही, हा नियम होता! तेव्हा त्याने ती पुसली नाही. गेल्या आठवड्यात खानोलकर फोटोवाल्याला घेऊन आले, ओरडले, "अरे सिद्धार्थ नाही आणि बघा, सोनं उगवलंय!" तेव्हा बाबाजी चहा आणायला गेला होता. ब्रोशर छापून आलं तेव्हाच त्याला कळलं.

दुपारी तो रफिककडे गेला. रत्नागिरीचा रफिक फोर्कलिफ्ट चालवायचा. रमजान चालू होता. रफिक पुठ्ठ्यावर डोळे मिटून आडवा पडला होता. बाबाजी आपला डबा शेडच्या मागे एकटाच खाऊन, तोंड धुऊन आला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

रफिक इतका हसला की उठून बसला. "हळद! या अल्ला! खानोलकर हळदीची खाण विकतोय!"

"हसतोस काय? त्या पोराची नोकरी जातेय."

"आणि सांगितलंस तर तुझा व्हिसा जातोय. गप बस ना यार. वैनी येऊ दे, मग बघू."

"पण सही करायचीय रे. काही मिसळलं नाही म्हणून."

"हळद म्हणजे काय मिसळणं झालं? भाजीत टाकतो ना आपण?" असं म्हणून रफिक पुन्हा आडवा झाला आणि घटकाभराने डोळे न उघडताच म्हणाला, "एक ऐक. मला कोणी विचारलं तर रोज्यात मी खोटं नाही बोलणार. कशाला सांगितलंस मला? आता मी तिकडे येतच नाही."

झालं! सल्ला मागायला गेला आणि साक्षीदार करून आला. बाबाजीच्या डोक्याचा पार भुगा झाला. हळद अशुभ थोडीच असते? आणि समजा, हळदीच्या खाली खरोखरच युरेनियम असलं तर? ते दिसतं कसं, हे त्याने तरी कुठे पाहिलं होतं? साहेब शिकलेले, पार्टी शिकलेली, त्यांना दिसतंय तर असेलही. उगाच आपण मध्ये तोंड घालून चांगल्याचं वाईट करायचं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो सात नंबरच्या ट्रेपाशी बसला. नाक लावून पाहिलं. वास उडाला होता. मग त्याने बोट ओलं करून पिवळ्यावर घासलं आणि जिभेला लावलं. कडवट. पण दगडाची धूळही कडवटच लागते! आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की हे युरेनियम असलं तर आपण ते खाल्लं. नळावर जाऊन त्याने सातआठ चुळा भरल्या, स्वतःला शिव्या घातल्या आणि परत येऊन बसला.

तेव्हा त्याला दिसलं. पिवळे पट्टे तीन-तीनच्या जोडणीत होते. त्याने उजव्या हाताची मधली तीन बोटं त्यांच्यावर टेकवली. करवतीने कधीकाळी अनामिकेचं पेर उडवलं होतं, म्हणून तो पट्टा तेवढा आखूड होता. बोटं बरोब्बर बसली.

आता ते कोणी आणून टाकलं, कुठल्या देशाच्या पोटातून आलं, असं म्हणायला काही जागाच उरली नाही. बाबाजीला रडू आलं. त्याला एकाच वेळी स्वतःची लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा ते सापडत नव्हतं.

सोमवारी सकाळी तो ऑफिसात गेला. सिद्धार्थ समोर कागद घेऊन बसला होता, कोरा. त्याचे डोळे रात्रभर न झोपलेल्याचे होते.

"साहेब," बाबाजी दारातूनच म्हणाला, "ती हळद आहे."

"कुठली हळद?" खानोलकरांनी वर न बघता विचारलं.

बाबाजीने सांगितलं. खंडेनवमी, संपलेलं कुंकू, नियम, बोटं, सगळं. बोट चाटल्याचंसुद्धा सांगितलं. त्याला वाटलं आता फाइल डोक्यात बसणार. फाइल बसली असती तर बरं झालं असतं, निदान समजलं असतं.

खानोलकरांनी चष्मा काढला. ब्रोशर मिटून ठेवलं. मग त्यांनी फोन उचलला आणि त्या दोघांसमोरच पार्टीला इंग्रजीत सांगितलं की उद्या येऊ नका, आमच्या सॅम्पलमध्ये मिस्टेक झालीय. दोन वेळा सॉरी म्हणाले. फोन ठेवला.

"चार लोकांत माझं हसं झालं असतं," ते म्हणाले. "आधीच सांगितलंस ते बरं केलंस. भला माणूस आहेस तू, बाबाजी."

बाबाजीच्या जिवात जीव आला. "मग साहेब, माझे पेपर..."

"कसले पेपर?" खानोलकरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "पार्टी नाही तर ब्लॉक नाही, बाबा. ब्लॉक नाही तर स्टोअर कशाचं आणि सुपरवायझर कशाचा? ती पोस्ट मी कुठून दाखवू गव्हर्मेंटला? परत संगमरवर. खलास."

सिद्धार्थ जिन्यात भेटला. बाबाजीला वाटलं, हा तरी दोन शब्द बरे बोलेल. सिद्धार्थने त्याचा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि म्हणाला, "महिनाभर आधी का नाही सांगितलंत, काका? मला वेड लागायची पाळी आली होती." आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला.

बाबाजी दिवसभर हिशेब जुळवत होता. साहेबांनी खोटं धकवलं नाही. सिद्धार्थने खोटं लिहून दिलं नाही. आपण खोटी सही केली नाही. सगळेच नीट वागले. मग हे असं कसं झालं? कोणीतरी एकजण लबाड निघाला असता तर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

इफ्तार आटोपल्यावर रस्ते भरायला लागले तसा तो टेलिफोनच्या खोक्याशी रांगेत उभा राहिला. नंबर आला. कार्ड घातलं.

"आयकू येता मा?" त्याने विचारलं.

"येता. बोला," गावाहून त्याची बायको आशा म्हणाली. आवाजात हसू होतं.

"गो, तां काम नाय झाला."

"खयचा?"

"येवचा. तुमच्या येवचा. युरेनियम नाय गावला."

पलीकडून आशाने विचारलं, "गावला नाय तर तां काय तुमी हरवलात?"

बाबाजीला समजावून सांगायचं होतं. हळदीपासून सुरुवात करावी की बोटांपासून, हे त्याला ठरवता येईना. कार्डातली मिनिटं जात होती. "साहेब चांगले आसत," एवढंच तो म्हणाला.

आशा रडली नाही, भांडली नाही. ती म्हणाली, "मी आजच सकाळी शाळेत जावन दाखलो काढलंय शर्वाणीचो. वर्गात सगळ्यांनी टाळयो वाजवल्यानी. बाईंनी पेन दिल्यानी भेट. शाईचा."

"मगे?"

"मगे काय. उद्या परत जातंय. नाव घालून घेतंय." आणि लगेच, "थांबा, ती आयकताहा हयसर. बोला तिच्याशी."

रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला. शर्वाणीचा श्वास ऐकू आला. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती हळू विचारत होती, "तां पेन परत देवचा लागतला काय?"

रांगेतला माणूस मागून "यल्ला, भाई, यल्ला" म्हणून घाई करत होता. बाबाजीने फोन दोन्ही हातांनी धरला. भेट निरोपाची होती आणि निरोप तर झालाच नव्हता. मग ते ठेवलेलं चालतं का, याचं उत्तर त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"ठेव," तो म्हणाला. मग तिच्या आईवर सोडून म्हणाला, "नाय, आवशीक विचार."