अकराचे सहा टोले

बालमित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हांस काही विशेष वाटणार नाही, हे मी जाणून आहे. मी रुळाचा हातभर लांबीचा एक जुना तुकडा आहे. इंदुरातील एका लहानशा शाळेच्या अंगणात, कडुनिंबाच्या फांदीला जाड तारेने टांगलेला आहे. माझ्या एका टोकास भोक आहे आणि पोटाशी, जेथे वर्षानुवर्षे हातोडी पडली, तेथे वाटीएवढा खळगा आहे. त्या खळग्याचीच ही कथा आहे.

भट्टीतून मी बाहेर पडलो तेव्हा चांगला लांबलचक होतो. कापडगिरणीच्या आवारात मला अंथरले. कापसाच्या गाठींनी भरलेले डबे माझ्यावरून धडधडत जात. पुढे ती लाईन बदलली, मला कापले, आणि माझा हा तुकडा गिरणीच्या फाटकापाशी टांगला गेला. पाळी सुरू होण्याचा व सुटण्याचा भोंगा वेगळा होता. जेवणाच्या सुट्टीचा मान मात्र माझा. सकाळी बरोबर अकरा वाजता माझ्यावर सहा टोले पडत.

ते टोले देई दगडू चौकीदार. त्याचे वडील महूच्या पलटणीत होते. त्यामुळे वेळेची शिस्त त्याच्या अंगी मुरलेली होती. खाकी टोपी घालून तो उभा राही, पाच टोले सारख्या अंतराने देई, मग सैल टोपी कपाळावर उतरे ती डाव्या हाताने सावरी, आणि मग सहावा टोला देई. गिरणीत सर्वांना ती खोड ठाऊक होती. श्रीकृष्ण नावाचा विणकर ओरडे, “दगडूभिया, टोपी नंतर सांभाळ, इकडे भूक से जान जा रही है!” आणि हशा पिके. दोन हजार माणसे त्या सहाव्या टोल्याबरोबर एकदम उठत. दगडूची छाती तेव्हा इंचभर फुगे. खोटे कशाला बोलू, माझीही फुगे.

फाटकासमोरच्या चाळीत दगडूची खोली होती. पत्नी कांताबाई, आणि सात वर्षांची एकुलती कन्या धम्मदीना. धम्मदीना बोलत नसे. हाक मारली तर पाहत नसे. चवड्यांवर चाले, आणि सोडावॉटरची झाकणे एका ओळीत लावत बसे. त्यातले एक कोणी हलवले तर तिचा आकांत होई. कोणी म्हणे बहिरी आहे, कोणी म्हणे बाहेरचे काही लागले आहे, उतारा काढा. “आम्ही ते नाही मानत,” एवढेच कांताबाई म्हणे आणि दार ओढून घेई.

ही मुलगी रोज माझे टोले ऐकते, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानी आले नव्हते.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. गिरण्यांचे दिवस फिरले होते. एके सकाळी फाटकावर नोटीस लागली आणि यंत्रे थांबली. दगडू पहाऱ्यास राहिला, परंतु सुट्टीच नाही तर टोले कोणासाठी द्यायचे? मी तीन दिवस मुका लटकलो. चौथ्या दिवशी अकरा वाजता, केवळ हाताच्या सवयीने, त्याने हातोडी उचलली आणि सहा टोले दिले. दिल्यावर तो स्वतःच ओशाळला.

इतक्यात कांताबाई धावत आली. तिच्या हातांना पीठ होते.

“अहो, तुम्ही वाजवलं का आत्ता?”

“चुकून वाजलं ग. काय झालं?”

“पोरगी जेवायला बसली! तीन दिवस घास नव्हता घेतला. आत्ता टोले झाले नि आपणहून पाटावर जाऊन बसली. तिला ऐकू येतं हो! सगळं ऐकू येतं!”

दगडू हातोडी टाकून तिच्यामागे धावला. पुढे पहारा सुटला तेव्हा त्याने साहेबांकडे एकच गोष्ट मागितली. “ले जाओ भाई, लोहे का टुकडा है,” साहेब म्हणाले. सायकलच्या कॅरिअरवर बांधून त्याने मला चाळीच्या अंगणात आणले व निंबास टांगले. रोज अकरा वाजता मी वाजे आणि धम्मदीना जेवे.

मित्रांनो, येथवर सर्व ठीक चालले होते. परंतु ज्याच्या हातोडीवर दोन हजार माणसे उठत, तो आता बिनकामाचा बसलेला होता. एके दिवशी चार वाजता श्रीकृष्ण चहाला आला. तोही बेकार झाला होता.

“काय जमादार, आता कोणाची सुट्टी करता?”

हे बोल दगडूस झोंबले. “अजून एक माणूस उठतो आपल्या टोल्यावर. देख तमाशा,” असे म्हणून त्याने सहा टोले दिले. धम्मदीना झाकणे सोडून उठली आणि पाटावर जाऊन बसली. पुढ्यात ताट नव्हते.

“अरे वा भिया! बिल्कुल मशीन!” श्रीकृष्ण हसला. दगडूही हसला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी पुन्हा वाजवले. मग तिला अंघोळीला बसवायचे झाले तरी वाजवले, रडणे थांबवायचे झाले तरी वाजवले. गिरणीत टोला म्हणजे हुकूम, एवढेच त्यास ठाऊक होते.

आठवडा संपला नाही तोच अकराच्या टोल्यांना धम्मदीनाने दोन्ही कान गच्च दाबले आणि भिंतीवर कपाळ आपटू लागली. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे दोन-दोन दिवस केवळ घोटभर दुधावर राही. तिच्या हाताची कांकणे कोपरापर्यंत सरकू लागली. अपराध कोणाचाही असो, आवाज माझा होता. लोखंडास आसवे नसतात, नाहीतर मी काय केले असते ते सांगवत नाही.

अशा समयी, अपंग मुलांची सरकारी पाहणी करीत, वसुंधराताई चाळीत आल्या. त्या मूळच्या महाराष्ट्रातील. येथील महाविद्यालयात समाजकार्य शिकवीत, आणि अशा मुलांसाठी अन्नपूर्णा भागात एका खोलीत वर्ग चालवीत. त्यांच्याकडील सरकारी कागदावर ऐकू न येण्याचा रकाना होता, मतिमंदत्वाचा होता. धम्मदीनाचा नव्हता.

“याला ऑटिझम म्हणतात,” त्या म्हणाल्या. “कागदात नाही म्हणून मुलं नाहीत असं थोडंच आहे?”

“गोळी-औषध काही, ताईजी?” कांताबाईने विचारले.

“गोळी नाही. आधी मला दोन दिवस इथे बसू द्या.”

दोन दिवस त्या ओट्यावर बसून नुसत्या पाहत राहिल्या. चाळ हसली. “मॅडम बडी कामाची दिसते,” श्रीकृष्ण पुटपुटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दगडूला समोर बसवले.

“दादा, टोले झाले की ती का उठायची?”

“मी वाजवायचो म्हणून.”

“नाही. टोल्यानंतर ताट येतं हे तिला ठाऊक होतं म्हणून. सगळ्या दिवसात तेवढी एकच गोष्ट तिला पक्की माहीत होती, आणि ती तुम्ही मोडलीत.”

 दगडू म्हणाला, “आता जुडेल का, ताई?”

“जुडेल की नाही, मी नाही सांगू शकत. पण रोज अकरालाच वाजवा. ताट आधी वाढून ठेवा. ती येवो न येवो, एक दिवस चुकवू नका. आणि दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही.”

कांताबाई सकाळी चार घरची भांडी घासावयास जाई. त्यामुळे ताटही दगडूनेच वाढायचे ठरले. सियागंजातल्या एका गोदामाने त्याला दिवसपाळीस बोलावले होते. त्याने तेथे जाऊन दुपारनंतरचेच काम मागून घेतले. रोज भाकरी कुस्करून, वर वरण घालून, तो पाटासमोर ताट ठेवी, आणि अकराच्या काट्यावर माझ्यापाशी येई. पाच टोले. टोपी. सहावा टोला.

पहिला दिवस गेला. आठवा गेला. ती कान दाबून कोपऱ्यात बसे. श्रीकृष्णाने एकदा म्हटले, “भिया, आता बस करो.” दगडू उत्तरला, “तुझ्यासमोर हसलो होतो ना मी? मग तुझ्यासमोरच दंड भरू दे.”  दुसऱ्या दिवसापासून अकराला पाच मिनिटे कमी असता श्रीकृष्ण चाळीतल्या पोरांचा गलबला स्वतः थांबवू लागला.

एकोणिसाव्या दिवशी सहाव्या टोल्याला तिने एका कानावरचा हात काढला. विसाव्या दिवशी ती चवड्यांवर चालत आली, पाटावर बसली, आणि तिने ताट स्वतःकडे ओढले. दगडू हातोडी हातात घेऊन तसाच उभा होता. तो रडत होता की घाम पुसत होता, ते मला वरून नीट दिसले नाही.

पुढे ताईंच्या वर्गास मोठी जागा मिळाली, धम्मदीना तेथे शिकू लागली, आणि मीही सायकलवरून येथे, या शाळेत, आलो. इतर मुलेही माझ्या टोल्यांवरून वेळ ओळखू लागली. नंतर विजेची घंटा बसली, तेव्हा काही वर्षे मी नुसता गंजत लटकलो. पण ती घंटा वीज गेली की गप्प बसे आणि वीज आली की भलत्याच वेळी किंचाळे. तेव्हा ताईंनीच माझ्या खालचे गवत काढविले. अकराचे काम पुन्हा दगडूकडे आले.

एका वर्षी बातमी आली की गिरणीची यंत्रे भंगारात गेली. दगडू त्या सकाळी धम्मदीनाला घेऊन शाळेत आला खरा, पण पायरीवर बसला तो उठेना. डबा शेजारी तसाच होता. अकरा वाजले. कोणी हातोडी उचलली नाही. धम्मदीना तेव्हा सोळा वर्षांची होती. ती वर्गातून बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिले, बापाकडे पाहिले नाही. तिने हातोडी उचलली. पाच टोले सारख्या अंतराने दिले. मग थांबली, आणि डोक्यावर टोपी नसताना डाव्या हाताने कपाळावरून ती सावरली. मग सहावा टोला दिला.

दगडूने मान वर केली. उठला, हात धुऊन आला, आणि डबा उघडून जेवावयास बसला.

आता दगडू थकला आहे, मित्रांनो. माझाही आवाज थोडा फाटला आहे. मला तेलपाणी करा, रंग लावा, असे माझे मागणे नाही. तुमच्या गल्लीत एखादे मूल हाकेला ओ देत नसेल, तर त्यास हसू नका आणि त्याचा तमाशा करू नका. त्यास जे देऊ म्हणाल ते ठरल्या वेळी द्या, आणि ते आले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. विसाव्या दिवसापर्यंत तरी द्या.

असो. अकराला थोडाच अवकाश आहे. अंगणात पावले ऐकू येत आहेत. टाचा अजूनही टेकत नाहीत.