ग्रहणात वाटलेला फोटो

पंचाण्णवच्या दिवाळीत सूर्याला ग्रहण लागलं, ते आमच्या गडब गावाने माझ्या नातीच्या फासळ्यांतून पाहिलं. खोटं वाटत असेल तर नागोठण्यापर्यंत कुणालाही विचारा. फक्त माझ्या बायकोला विचारू नका.

मनस्वी तेव्हा तीन वर्षांची. आजोळी रोह्याला खोकला धरला म्हणून तिथे छातीचा एक्स-रे काढला. काळजाशेजारी सावली दिसते, पेणला दाखवा, असं सांगितलं. ती काळी फिल्म घेऊन सून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी ग्रहण. मग काय! हौसाने, म्हणजे आमच्या हिने, कात्री घेतली आणि करंज्या वाटाव्यात तसे फिल्मचे तुकडे आळीभर वाटले. प्रत्येकाच्या डोळ्याला मनीचा एकेक अवयव.

ग्रहण सुटलं, खोकला काही सुटेना. पोरीला पेणला निशिगंधा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, म्हणाल्या, "रोह्याचा फोटो कुठाय?"

"नवा काढा की! चांगले दोन-चार काढा. नात माझी हाय, मी हात आखडणारा नाय."

"आजोबा, हे लग्नातले फोटो नव्हेत. दर फोटोला किरणं अंगातून जातात. थोडीच, पण वाढत्या लेकराला तीही उगाच कशाला? जुना आणलात तर बहुधा नवा लागायचा नाही."

घरी येऊन सांगितलं तशी हौसा रडायलाच लागली. "मने, काय केलं गो मी!"

"रडतेस काय गो? वाटलेलं गोळा करतो."

जनूकडे खांदा मिळाला. दाजीने डाव्या फासळ्या फुटक्या खिडकीला लावल्या होत्या. पोट कान्हूच्या टेम्पोत उन्हाला आडवं लावलेलं. राहिला मधला तुकडा, नेमका काळजाशेजारचा. तो धोंडुबाईकडे, आणि धोंडुबाई लेकीकडे रोह्याला! एसटी पकडून गाठली. म्हातारीने तुकडा पानाच्या चंचीत ठेवलेला.

"नाय देनार. मला चंद्राचं ग्रहन बघायचं हाय."

"अगो, त्यात माझ्या मनीचं काळीज हाय!"

"मंग तुझ्या हाती मुळीच नाय. तू वाटेत त्या काळजाचं कलिंगड करून सांगशील. मीच येते."

दुसऱ्या दिवशी पेणच्या दवाखान्यात अर्धी आळी उभी. बाईंनी काचेमागचा दिवा लावला. ज्याने त्याने आपापला तुकडा लावला, चिकटपट्टी मारली, आणि माझी नात खांद्यापासून पोटापर्यंत उजळली.

"ह्यातून सूर्य पाहिलात? डोळे जातात अशानं!" बाई कडाडल्या. मग चष्मा वर करून धोंडुबाईच्या तुकड्याशी वाकल्या. कुणी खोकेना. मनीसुद्धा.

"ही सावली आजार नव्हे. लहान मुलांच्या छातीत एक ग्रंथी असते, मोठेपणी आपोआप आटते. छाती स्वच्छ आहे. खोकल्याला औषध देते. नवा फोटो नको."

हौसाने मनीला असं कवटाळलं की पोरगी ओरडली. आणि धोंडुबाई? पदर खोचून बाहेर गेली. बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तिला म्हणाली, "फोटो काढायला आलीस? आधी जुना हाय का बघ गो. आम्ही गडबचे, जुन्यावरच भागवलं!"