निरगाठ

बातमी दाखवली ती किशोरीच्या मुलीने, कीर्तीने, आणि तीही मोठ्या कौतुकाने. मुंबईतली एक संस्था जुन्या मराठी सिनेमांचा देखणा संच काढणार होती. धुऊनपुसून लख्ख केलेल्या प्रती, ब्लू-रे डिस्क, सोबत जाडजूड पुस्तिका, वर कापडी बांधणीची पेटी. निवडलेल्या सिनेमांची नावं दिली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘खाजणकाठ’ हा चित्रपट अभिनेत्रीच्या वेदनेचा मान राखून वगळण्यात आला आहे.

“बघ आई, शेवटी लोकांनी तुझी बाजू घेतली,” कीर्ती म्हणाली.

किशोरीने बातमी पुन्हा वाचली. अभिनेत्री. नाव लिहायचंही कोणाला सुचलं नव्हतं. तिची कानशिलं तापली. “माझी बाजू घेतली, आणि मला विचारलं नाही?” एवढंच ती बोलली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी आदळू लागली की कीर्तीने टीव्हीचा आवाज वाढवला.

‘खाजणकाठ’ हा किशोरीचा एकुलता एक सिनेमा. ती जासईची, घरतांची मुलगी. पनवेलच्या कॉलेजात असताना तिने एकांकिकेत काम केलं, ते देवस्थळी नावाच्या दिग्दर्शकाने पाहिलं आणि मिठागरावर राबणाऱ्या सुनेची मुख्य भूमिका तिला दिली. शूटिंग तिच्याच गावाजवळच्या खाडीत झालं. शेवटच्या प्रसंगात गावकरी त्या सुनेला भरतीच्या वेळी पाण्यातल्या खुंटाला बांधून ठेवतात. गावातल्या धर्मराज या होडीवाल्याने किशोरीच्या कमरेला दोर बांधून सुरगाठ मारली होती आणि टोक ओढलं की ती कशी सुटते ते तिला दाखवलंही होतं. शॉटच्या आधी देवस्थळींनी माणूस पाठवून तिची निरगाठ करून घेतली. किशोरीला सांगितलं नाही, धर्मराजलाही नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा तिने टोक ओढलं. गाठ सुटली नाही. ती ओरडली, पण प्रसंगात तिने ओरडायचंच होतं, म्हणून कोणी जागचं हललं नाही. पाणी हनुवटीवर आलं, नाकातोंडात गेलं, कॅमेरा चालूच राहिला. शेवटी धर्मराजने पाण्यात उडी घेतली आणि कोयत्याने दोर कापला. देवस्थळी त्याच्यावरच भडकले, फ्रेममध्ये कशाला आलास म्हणून.

त्या शॉटने देवस्थळींना मोठं केलं. किशोरीच्या डोळ्यांतल्या भीतीवर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, अभिनयाचा कळस म्हटलं. तिने पुन्हा कॅमेऱ्यासमोर पाऊल टाकलं नाही. लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, खांदा कॉलनीत घर झालं, नवरा गेला. देवस्थळीही मानसन्मान घेऊन गेले. मग तीनेक वर्षांपूर्वी एका मुलाखतीत तिने निरगाठीची गोष्ट सांगून टाकली. ती गोष्ट लोकांच्या फोनवरून फिरली, चार दिवस सगळे हळहळले, आणि नंतर सामसूम झाली.

बातमी आली त्याच महिन्यात या संचाच्या निमित्ताने पनवेलच्या नाट्यगृहात कार्यक्रम ठेवला होता. निवड समितीच्या प्रमुख पद्मजा कर्णिक बोलणार होत्या. सिनेमावर लिहिणाऱ्यांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. किशोरी कीर्तीला घेऊन गेली आणि मागच्या रांगेत बसली. पद्मजाबाई बोलल्या चांगलं. ऑनलाइनचा सिनेमा आज असतो, उद्या काढून टाकतात, डिस्कवर येईल तोच टिकेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग ‘खाजणकाठ’चा विषय निघाला. एका मुलीचा छळ करून मिळवलेल्या दृश्याला आम्ही मखमली पेटीत बसवणार नाही, त्या म्हणाल्या, आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

टाळ्या ऐकल्या आणि किशोरी उठलीच. कीर्तीने पदर ओढला तो तिने सोडवून घेतला.

“ती मुलगी मी,” ती म्हणाली. माइक नव्हता, पण वर्गात आयुष्य काढलेला आवाज होता. “टाळ्या कशाला वाजवल्यात? पहिल्यांदा त्यानं मला न विचारता बांधलं. आता तुम्ही मला न विचारता काढून टाकलंत.”

पद्मजाबाई खाली आल्या, हात जोडले, म्हणाल्या की हे आम्ही तुमच्यासाठीच केलं. किशोरीने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. घरी या, इथे नको, असं सांगून ती बाहेर पडली. रिक्षात ती तोंड बाहेर वळवून बसली. कीर्तीला वाटलं आईला रडू येतंय. रडू नव्हतं ते.

रविवारी पद्मजाबाई खरंच खांदा कॉलनीत आल्या. किशोरीने चहा दिला, पण गोड बोलायची तिची तयारी नव्हती. पद्मजाबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. अशा पेटीत सिनेमा घालणं म्हणजे त्याला मानाचं पान देणं. मुलं तो शॉट बघून शिकतील, देवस्थळींसारखं व्हायला बघतील. तुम्हाला ते चालेल?

“मला एक सांगा,” किशोरी म्हणाली, “सिनेमा चांगला आहे की नाही?”

पद्मजाबाईंनी मान्य केलं. “चांगला आहे. फार चांगला आहे.”

“त्याचाच तर मला संताप येतो. वाईट असता तर मी कधीच विसरून गेले असते.” तिने कप खाली ठेवला. “त्याचे आणखी सिनेमे आहेत, त्याचं नाव राहीलच. माझा हा एकच आहे. तुम्ही त्याला शिक्षा करताय आणि पुसली जातेय मी.”

पद्मजाबाईंनी ते कबूल केलं. मग काय करायचं, असं त्यांनी विचारलं. किशोरीने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. सिनेमा पेटीत आला पाहिजे, आणि त्याच्यावर तिचा आवाज आला पाहिजे. दृश्य चालू असताना दिग्दर्शक किंवा जाणकार बोलतात तशी ध्वनिपट्टी असते ना, तशी. त्या शॉटवर ती बोलेल. बघणाऱ्याने बघावं, आणि काय बघतोय ते ऐकावं.

पद्मजाबाई समितीला पटवायला तयार झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी किशोरी जासईला धर्मराजकडे गेली. खाडीचा तो भाग कधीच बुजला होता. खुंट होता तिथे कंटेनरच्या चळती उभ्या होत्या आणि ट्रेलरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. धर्मराज आता म्हातारा झाला होता, होडी विकून त्याने कंटेनर यार्डाच्या गेटवर नोकरी धरली होती, तीही संपली होती. तुलाही बोलावं लागेल, तू सुरगाठ मारली होतीस आणि कापलीस ती निरगाठ, ते तुलाच ठाऊक आहे, असं किशोरी म्हणाली तेव्हा त्याने होकाराची मान हलवली. मग ओसरीवरून समोरच्या कंटेनरांकडे हात केला.

“बाय, आमचा खाजन आता कुठं हाय? मिठागर नाय, खारी नाय. त्या पिक्चरमदीच काय तो रायलाय. आनि त्या शान्या लोकांनी तोच काढून टाकला?” तो बराच वेळ शिव्या देत राहिला. किशोरीने त्याला अडवलं नाही.

अडचण आली ती देवस्थळींच्या मुलाकडून. सिनेमाचे हक्क त्याच्याकडे, म्हणजे दीपेशकडे होते. सिनेमा पेटीत येतोय याचा त्याला आनंद झाला, पण किशोरीच्या आवाजाला त्याने साफ नकार दिला. वडील गेले, त्यांना उत्तर देता येत नाही, असं त्याचं म्हणणं. पद्मजाबाईंनी समितीतून बाहेर पडायची धमकी दिली तरी तो बधला नाही. शेवटी किशोरीने स्वतः फोन लावला.

“तुमच्या वडिलांचं नाव पेटीवर मोठ्या अक्षरांत येऊ दे, मी एक काना खोडणार नाही,” ती म्हणाली. “पण बुडत होते मी. तेव्हा ओरडले ते त्यांनी अभिनय म्हणून विकलं. आता मी बोलणार, आणि या वेळी कोणी त्याला अभिनय म्हणायचं नाही.”

दीपेशने फोन ठेवून दिला. आठवड्याने त्याचा होकार आला, एका अटीसह. तिच्या आवाजाआधी पडद्यावर एक सूचना दाखवायची. पद्मजाबाईंनी ती अट मानली आणि किशोरीला सूचनेचे शब्द सांगायचे टाळले.

रेकॉर्डिंग मुंबईत झालं. धर्मराजने आपलं सांगून टाकलं, मग किशोरीची पाळी आली. किशोरीने बोलायचं लिहून नेलं होतं, शाळेतल्या शुद्ध भाषेत. समोर तो शॉट सुरू झाला आणि कागद तसाच राहिला. तोंडातून बाहेर आली ती जासईची बोली, जी तिने शिक्षिका झाल्यापासून घराबाहेर वापरली नव्हती.

“आता पानी गल्यापरत आलाय,” ती म्हणाली. “मी दोर खेचतेय, गाठ सुटत नाय. तुमी बघताय तो अभिनय नाय. मना मरनाची भीती वाटतेय, आनि कॅमेऱ्यामागं मानसं उभी हायत. आता धर्मादादा उडी मारील. तो तुमाला दिसनार नाय, त्याला कापून टाकलाय.”

यंत्रावर बसलेल्या माणसाने हळूच विचारलं, आवाज फार चढलाय, पुन्हा घ्यायचं का? नाही, असं पद्मजाबाईंनीच त्याला सांगितलं.

पेटी दिवाळीच्या आसपास आली. डिस्क लावायचं यंत्र कोणाकडेच नव्हतं, ते कीर्तीने कामोठ्यातल्या मैत्रिणीकडून मागून आणलं आणि सगळे जासईला धर्मराजच्या घरी जमले. किशोरीची ध्वनिपट्टी निवडली, तशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. ‘पुढील निवेदन ही अभिनेत्रीची वैयक्तिक आठवण असून निर्माते त्याच्याशी सहमत असतीलच असे नाही.’

“आठवण?” किशोरी म्हणाली. “गाठ काय माझ्या आठवणीत मारली होती?” तिने तिथूनच पद्मजाबाईंना फोन करून झापलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. यापलीकडे दीपेश तयारच नव्हता, आणि तुम्हाला सांगायचा मला धीर झाला नाही, असं त्या म्हणाल्या. किशोरीने त्यांना माफ केलं नाही, पण फोनही ठेवला नाही, नुसता बाजूला धरला, कारण पडद्यावर सिनेमा सुरू झाला होता.

चित्र इतकं स्वच्छ होतं की मिठाचे खडे मोजावेत. धर्मराज पुढे सरकून बसला आणि बांध, भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी, कोणाचं मिठागर कुठलं, ते बोट दाखवून सांगू लागला. मग एक प्रसंग आला, जो किशोरी स्वतःच विसरली होती. सासू सुनेच्या पाटीतलं मीठ जमिनीवर ओतते आणि सून काही न बोलता ते भरत राहते. भरता भरता एकदाच वर बघते. त्यात खाडी नव्हती, दोर नव्हता. तिथे कोणी तिला फसवलं नव्हतं. ती नजर तिने स्वतः शोधलेली होती. रात्रभर सराव करून, आईला सासू करून. किशोरी बघत राहिली आणि तिचा राग ओसरायच्या ऐवजी आणखी चढला. इतकी वर्षं इतके लेख, आणि या नजरेबद्दल एकानेही एक ओळ लिहिली नव्हती. सगळे बुडणाऱ्या मुलीकडे बघत बसले होते.

तिने फोन कानाला लावला. “आहात का? मिठाचा सीन बघितलाय तुम्ही कधी नीट?”

पद्मजाबाई खरं तेच बोलल्या. “नाही. मीसुद्धा शेवटाचीच वाट बघत असायचे.”

“मग बघा आणि त्यावर लिहा. माझं नाव घालून लिहा. किशोरी घरत.”

लिहिते, त्या म्हणाल्या. किशोरीने फोन ठेवला आणि कीर्तीला सांगितलं, शेवटाची माझी बडबड नंतर ऐकू, आधी तो मिठाचा सीन पुन्हा लाव, नुसता.